जवळपास बसणारा पाना

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या त्या खोलीत माझं सामान लावून व्हायच्या आतच स्वयंपाकघरातल्या कपाटाचा कब्जा, म्हणजे बिजागरी, निखळला. म्हणून मी घरमालक काकाजींकडे पेचकस मागायला गेले. ते ओसरीत बसले होते. समोरच्या पाटावर हातभर लांबीची एक मोटार उलटी पडली होती, आणि काकाजी तिच्या पोटात डोकं घालून काहीतरी शोधत होते. मी पेचकस मागितला तेव्हा त्यांनी मान वर करून असं पाहिलं, जणू मी त्यांच्या शेताचा सातबाराच माझ्या नावावर मागितला.

"पेचकस भेटत नाही," ते म्हणाले. "मानूस भेटते."

आणि खरंच माणूस आला. खाकी कापडाची एक गुंडाळी काखेत मारून काकाजी माझ्या स्वयंपाकघरात शिरले. कब्ज्याच्या स्क्रूकडे आधी चष्मा लावून पाहिलं, मग चष्मा काढून पाहिलं. गुंडाळी ओट्यावर सोडली. तिच्यात पेचकस, पाने, पकडी ओळीनं निजवलेल्या, प्रत्येकीला स्वतःचा कप्पा. एक पेचकस काढून त्यांनी स्क्रूच्या डोक्यात टेकवला आणि न फिरवताच डावी-उजवीकडे हलवून पाहिला. परत ठेवला. दुसरा काढला, तोही परत गेला. तिसऱ्याला मान डोलावली.

"पहिल्यानं काय बिघडलं असतं?" मी विचारलं. मला शाळेत जायला उशीर होत होता.

"तो जवरपास बसते," काकाजी म्हणाले. "जवरपास बसनारा सगळ्यात खराब. जो बसतच नाही तो परवडला जी. तो आत जात नाही, काही बिघडवतबी नाही. जवरपासचा आत जाते, आपल्याले वाटते बसला, आन् फिरवला का इस्क्रूचं डोकं खाऊन टाकते."

आमच्या भागातल्या झाडीबोलीत 'ळ'चा पुष्कळदा 'र' होतो. तेव्हा त्यांचं 'जवरपास' म्हणजे पुस्तकातलं जवळपास. मी शाळेत मराठी शिकवायची. पुढं पुढं हा शब्द त्यांच्या तोंडून इतका ऐकला की निबंध तपासताना कुठं 'जवळपास' दिसलं, तरी मला आधी स्क्रूचं खाल्लेलं डोकं दिसे.

काकाजींचं वय तेव्हा साठीच्या अलीकडे-पलीकडे असावं. लग्न केलेलं नव्हतं. तरुणपणी मुली पाहायला बालाघाटपासून तिरोड्यापर्यंत फिरले म्हणतात, आणि प्रत्येक ठिकाणी पोहे खाऊन 'जवरपास' म्हणून परतले. असं गाव सांगे. मी एकदा खोचकपणे विचारलं, तर ते म्हणाले, "तसं नाही म्याडम. दोन ठिकानी त्याईनंच मले जवरपास म्हटलं." धानाची शेती बटईनं, म्हणजे वाट्यानं, दिलेली होती, थोडी प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याला विकलेली होती, आणि उरलेला सगळा दिवस मोकळा होता. तो त्यांनी हातातल्या यंत्रानं, रेडिओवर चालणाऱ्या छोट्या मोटारींना दिला होता. "आमचे पूर्वज माळव्याहून इथपर्यंत आले," ते म्हणत, "तर चाकाचा नाद आमच्या रक्तात हाय." पूर्वज बैलगाडीनं आले होते आणि हे एरवी ओसरीतून अंगणापर्यंतही जात नसत, हा भाग ते सोडून देत.

त्या मोटारींना मात्र 'खेळणं' म्हणायची सोय नव्हती. शेजारची एक बाई एकदा बोलून गेली, तर काकाजी आठवडाभर तिच्याकडे बघेनात. "खेळनं ते, जे बिघडलं का फेकते. हे बिघडलं का खोलते," असं त्यांचं म्हणणं. आणि खोलायची वस्तू म्हटली की हत्यार आलं. मला तर कधी कधी वाटे, ह्या माणसाला मोटार हे केवळ निमित्त आहे, खरा जीव हत्यारांत आहे.

हत्यार निवडायची त्यांची रीत मी गोंदियाच्या बाजारात प्रत्यक्ष पाहिली आहे, आणि दुकानदाराची कीव केली आहे. काकाजींच्या सदऱ्याच्या खिशात दोन-चार स्क्रू कायम खुळखुळत. पेचकस घ्यायचा तर स्क्रू सोबत हवा. "पोरगा घरी ठेवून पोरगी पसंत करते का कोनी?" दुकानदारानं पेचकस पुढं केला की आधी त्याचं टोक बघत. मूठ कशी रंगीत, दांडी कशी चकाकते, इकडे लक्षच नाही. टोकाच्या कडा नखानं चाचपत. मग खिशातला स्क्रू काढून त्यात टेकवत आणि पेचकस आडवा धरत. स्क्रू खाली न पडता टोकावर टिकून राहिला तर पुढची बोलणी. जपानी मोटारीच्या चौफुलीच्या स्क्रूला आपला नेहमीचा चौफुलीचा पेचकस चालत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण आपला जरा जोर लावला की बाहेर उसळतो. पकड घ्यायची तर जबडा मिटून उन्हाकडे धरत. फटीतून उजेड दिसला की पकड परत. कटर घ्यायचा तर डोक्याचा एक केस उपटून तो कापून बघत. काकाजींना टक्कल का पडलं, ह्याचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथं मिळालं.

"काकाजी, पूरा सेट ले जाओ ना, डिब्बे के साथ," दुकानदार दरवेळी म्हणे.

"सेट म्हनजे वरात हाय बाबू," काकाजी दुकानाच्या पायरीवरूनच मला ऐकवत. "नवरदेव एक, बाकी सारे जेवाले आलेले."

आणि बहुतेक वेळा काहीच न घेता परत. मनासारखं हत्यार पाहिजे असलं की हावड्याची गाडी पकडून कोलकात्याला जात. तिथं कुठल्याशा गल्लीत मोटारींचं एक दुकान होतं. दोन रात्रींचा प्रवास करून माणूस बोटाएवढा एक पाना घेऊन यायचा, आणि चेहरा असा, की काशीयात्रा करून आलेत.

मला हे सगळं बघायला वेळ होता, कारण मीही एकटीच होते. यजमानांची नोकरी अमरावतीला, माझी गोंदियाला. शाळा सुटली की खोली, खोलीत वह्या, वह्या संपल्या की भिंत. संध्याकाळी ओसरीतून कानस घासल्याचा आवाज आला की मला बरं वाटे. तो आवाज माझ्यासाठी नव्हता हे माहीत असूनही बरं वाटे.

आता सेठबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय काकाजी सांगता येणार नाहीत.

संपूर्ण गोंदियात, आणि काकाजींच्या मते जिल्ह्यात, अशी रेडिओची मोटार असलेली माणसं दोनच होती. एक काकाजी आणि दुसरे शहराच्या पलीकडच्या कुडव्याचे सेठ. त्यांचं बाजारात शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दोघं एकाच गाडीनं कोलकात्याला गेले होते, एकाच दुकानातून मोटारी घेऊन आले होते, आणि काही वर्षं रोज संध्याकाळी ह्याच ओसरीत मांडीला मांडी लावून बसत होते. मी राहायला गेले तेव्हा त्या दोघांचं बोलणं बंद होतं. जिल्ह्यात दोनच माणसं, आणि त्यांचा अबोला.

भांडणाचं कारण मला काकाजींनीच सांगितलं, तेही मोटार उलटी करून, जागा दाखवून. मोटारीच्या यंत्राच्या दांड्यावर एक लहानसं दातेरी चाक असतं. ते एका बिनमुंडीच्या बारीक स्क्रूनं घट्ट केलेलं असतं, आणि त्या स्क्रूला सहा कोपऱ्यांचं भोक असतं. त्यात सहा कोपऱ्यांचा वाकडा पाना घालून फिरवायचं. काकाजी एकदा जिल्ह्यातल्याच प्रतापगडच्या जत्रेला गेले आणि तिथंच तापानं आजारी पडले. भावकीतल्या कुणाकडे पडून होते. इकडे सेठनं मनाशी ठरवलं की मित्र बरा होऊन येईल तोवर त्याच्या मोटारीचं झिजलेलं चाक बदलून ठेवू. चाक स्वतः पैसे घालून मागवलं. पाना मात्र आपल्या दुकानातलाच आणला. ह्या चाकाचा स्क्रू होता इंचाच्या मापाचा, आणि सेठचा पाना मिलिमीटरचा. दोन्हींत फरक एका केसाचा. पाना आत गेला, सेठला वाटलं बसला, आणि जोर लावून आवळताना त्यानं आतले सहाही कोपरे खाऊन टाकले. चाक घट्ट बसलं, मोटार पळू लागली, पण तो स्क्रू आता कुठल्याच पान्यानं निघणार नव्हता.

काकाजी आले. सेठनं मोटार पळवून दाखवली. काकाजींनी ती उलटी केली, स्क्रू पाहिला आणि पाना कोणता लावला ते विचारलं. सेठ हसून म्हणाले, "अरे, करीब-करीब बैठ गया था ना!"

ओसरीत चार माणसं होती. त्यांच्यादेखत काकाजी म्हणाले, "तू आदमीच करीब-करीब है."

सेठ उठले, चपला घातल्या आणि गेले. चहा तसाच राहिला.

"आन् मी बसून राह्यलो जी," काकाजी मला म्हणाले. "उठाले पायजे होतं."

मी म्हटलं, "मग आता जा की. कुडवा काय परदेशात आहे?"

त्यांनी मोटार सुलटी करून चाकांवरची धूळ पुसली. तो स्क्रू ड्रिल मारून काढता येतो, हेही त्यांना ठाऊक होतं. ड्रिल होतं, नवा स्क्रू होता, उजेड होता. काढत मात्र नव्हते.

रविवारी सकाळी काकाजी मोटार घेऊन मागच्या लेआउटमध्ये जात. एके काळचं त्यांचंच शेत ते. आता मुरमाचे रस्ते आणि प्लॉटच्या सीमेचे दगड तेवढे होते, घरं यायची होती. त्या रस्त्यांवर मोटार पळवत. मी गच्चीवर कपडे वाळत घालायची तेव्हा मला सगळं दिसे. अधूनमधून ती मोटार अचानक झटका खाई, पुढची चाकं आपोआप डावीकडे-उजवीकडे फडफडत, आणि गाडी वेड्यासारखी दगडावर जाऊन आदळे. मग काकाजी हातातलं यंत्र बंद करून खाली उकिडवे बसत. थोड्या वेळानं उठून पुन्हा चालू करत, तेव्हा मोटार सरळ चाले.

"बिघडलीय का?" मी एकदा वरून ओरडले.

"नाही. सेठ आला हाय," ते मागं न बघता म्हणाले.

मी पाहिलं. लेआउटच्या दुसऱ्या टोकाला गेटपाशी एक स्कूटर उभी होती, आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक बुटका माणूस. त्याच्याही हातात तसंच यंत्र.

नंतर काकाजींनी समजावून सांगितलं. दोघांची यंत्रं एकाच दुकानातली, एकाच लहरीवर चालणारी. एकानं चालू केलं की दुसऱ्याची मोटार बावचळते. म्हणून एकानं थांबायचं, दुसऱ्यानं चालवायची. मग तो थांबेल, मग ह्यानं चालवायची. कुणी कुणाकडे बघायचं नाही, हात करायचा नाही. सकाळभर असंच आळीपाळीनं चाले.

"पण लहर बदलता येत नाही का?" मी विचारलं.

"येते ना. हे क्रिस्टल बदलवलं का झालं." त्यांनी डबी उघडून दाखवली. पिवळे, हिरवे, निळे, बोटाच्या पेराएवढे क्रिस्टल त्यात कापसावर ठेवलेले होते, एकही न वापरलेला.

"मग का बदलत नाही?"

"बदलवलं तर तो आला का नाही, मले कसं समजन?"

मला तेव्हा हसू आलं, आणि लगेच माझा फोन आठवला. माझं आणि यजमानांचं रोज फोनवर बोलणं व्हायचं, आणि फोन ठेवल्यावर काय बोललो ते आठवायचं नाही. हे दोघं एक शब्द न बोलता माझ्यापेक्षा जास्त बोलत होते.

सेठना मी एकदाच जवळून भेटले. शिलाई मशीनचा पट्टा तुटला म्हणून त्यांच्या दुकानात गेले. गोल चेहऱ्याचा, सतत हसरा माणूस. पट्टा मोजून देताना त्यांनी विचारलं, "मॅडम, आप कहाँ रहती हैं?"

"फुलचूर. काकाजींच्या घरी."

त्यांचा हात थांबला. त्यांनी पट्टा कागदात गुंडाळला, मग उगाचच सोडून पुन्हा गुंडाळला. "उनकी गाड़ी का वो स्क्रू…" ते म्हणाले. "निकला क्या?"

"नाही," मी म्हटलं. "तसाच आहे."

"तसाच है," सेठ मराठी-हिंदीची सरमिसळ करत स्वतःशीच म्हणाले, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशावर नकळत हात ठेवला. छातीत दुखतं की काय असं मला वाटलं. पट्ट्याचे पैसे घ्यायला ते तयारच नव्हते. मी ते काउंटरवर ठेवून आले.

घरी येऊन मी काकाजींना हे सांगितलं. ते कानस घासत होते. घासणं थांबलं. "तुमी काय सांगतलं?"

"निघाला नाही म्हणून."

"बराबर सांगतलं," ते म्हणाले आणि कानस पाटावर ठेवली. मग म्हणाले, "म्याडम, मले त्याच्यासंग बोलाचं हाय. कवापासून बोलाचं हाय. पन पहिला शब्द कोनता ठेवू? तुमी मराठीच्या मास्तरीन, तुमाले शब्द माहीत."

मी म्हटलं, माफ कर म्हणा. सोपं आहे.

त्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "माफ कर. भीक मागनाऱ्याले बी आपन हेच म्हनतो जी. माफ कर बाबा, पुढं जा." परत ठेवला.

"क्षमा?"

"तो देवरातला शब्द हाय. दुकानात नाही चालत."

"चुकलं माझं?"

"ढिला हाय. काय चुकलं ते धरतच नाही."

"सॉरी म्हणा मग."

"तो सेटमधला," काकाजी तुच्छतेनं म्हणाले.

मी चिडले. मी म्हटलं, काकाजी, माणूस म्हणजे स्क्रू नव्हे. जवळपासचा शब्दसुद्धा चालतो माणसाला, पुढचं तो समजून घेतो. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "त्याचं डोकं आधीच एकदा खाल्लं हाय मी. आता जवरपासचा शब्द लावला तर कायमचं जाईन." नंतर मीही शब्द शोधायला लागले. चाचणी परीक्षेवर पहारा करताना मी फळ्याकडे बघत मनातल्या मनात शब्द लावून बघायची, आणि संध्याकाळी ओसरीत जाऊन एखादा पुढं करायची. काकाजी तो उजेडात धरल्यासारखा करत आणि परत देत. अशी काही वर्षं गेली. हे वाक्य लिहायला सोपं आहे. जगायला फार लांब होतं.

लेआउटमध्ये घरं उभी राहिली. गेट गच्चीवरून दिसेनासं झालं. मोटारीला पूर्वीइतका मोकळा रस्ता उरला नाही, पण रविवार चुकला नाही. सेठ आता घरांमुळे दिसत नसत, चाकं फडफडली की आले हे कळे, तेवढंच.

दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. मी दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला गेले होते. काकाजींच्या जुन्या यंत्राचा अँटेना मोडला होता, म्हणून ते कोलकात्याला जाऊन आले. दुकानदारानं नवं यंत्र गळ्यात मारलं. त्याला अँटेना नाममात्र, क्रिस्टल नाही, आणि मुख्य म्हणजे शेजारी कुणी काहीही चालवो, आपल्या मोटारीला कशाचीच बाधा नाही. मी परत आले तेव्हा काकाजी नव्या नवरीसारखं ते यंत्र मिरवत होते. मोटार खरंच छान चालत होती. एकदाही झटका नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी ते लवकर परत आले. मोटार पाटावर ठेवली आणि म्हणाले, "लय मस्त चालते जी. कोनाचा तरास नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "सेठ येऊन राहिला का नाही, समजूनच नाही राहिलं."

"जाऊन बघा ना गेटपाशी. चार घरांचा तर वळसा."

"मी गेलो आन् त्यानं पाह्यलं तर?"

त्या दिवशी दुपारभर बसून त्यांनी नवं यंत्र उतरवलं आणि जुनं बसवलं. मोडलेल्या अँटेनाला तांब्याची तार डाग देऊन जोडली. पुढच्या रविवारी मीही खाली त्यांच्यासोबत गेले. मोटार खरखरत, अडखळत पळाली. आम्ही दोघं तिच्या पुढच्या चाकांकडे बघत होतो. चाकं सरळ होती. काकाजींनी यंत्र बंद केलं, नेहमीसारखे उकिडवे बसले, समोरच्याला पाळी दिली. पुन्हा चालू केलं. चाकं सरळच. नव्या घरांतल्या कुणीतरी कुकर लावला होता, त्याच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. माणूस इतका एकटा बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि मला एकटेपणाची माहिती कमी नव्हती.

त्याच्या पुढच्या रविवारी काकाजी धुतलेला सदरा घालून, खाकी गुंडाळी काखेत मारून माझ्या दारात उभे. "म्याडम, स्कूटी काढा. कुडव्याले जाऊ."

वाटेत मी विचारलं, "शब्द मिळाला?"

"भेटला."

"कोणता?"

"त्यालेच सांगतो पहिले," मागून आवाज आला. आवाजात इतका आनंद होता की मी पुढं विचारलं नाही.

सेठच्या घराचं दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत टीव्हीच्या वर त्यांचा फोटो होता. तोच हसरा चेहरा, आणि त्याला चंदनाचा हार. मी काकाजींचा दंड धरला. ते फोटोकडे बघत होते, जसं दुकानात पेचकसाचं टोक बघत, तसंच, चष्मा लावून आणि मग काढून.

आतून सून आली. ती लग्नानंतर नवऱ्यासोबत रायपूरला राहायची, आम्हाला ओळखणं शक्यच नव्हतं. "आप लोग…?"

काकाजींनी गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "मैं… सेठजी के करीब का," ते म्हणाले.

"अच्छा, यहीं करीब में रहते हैं," ती बिचारी आदरानं म्हणाली. "बैठिए ना, अंकल जी."

गाव ओलांडून आलेला तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "हाँ जी," ते म्हणाले आणि बसले.

तिनं पाणी आणलं. दिवाळीच्या आधीच गेले, म्हणाली. झोपेतच. सकाळी उठलेच नाहीत. दुकान आता विकायचं आहे. घर आवरताना एक वस्तू सापडली आहे, तिचा उलगडा होत नाही. तुम्ही शेजारी, जुने, तुम्हाला कदाचित माहीत असेल. तिनं आतून आणून काकाजींच्या हातावर ठेवली. "पापाजी की जेब में हमेशा ये रहती थी. कपड़े धोने डालो तो पहले ये निकालते थे. घर के सब ताले देख लिए, किसी में नहीं लगती. किसकी चाबी है ये?"

बोटाच्या दोन पेरांएवढा, काळा, वाकडा, सहा कोपऱ्यांचा पाना होता तो. काकाजींनी त्याच्या टोकाच्या कडा नखानं चाचपल्या. कडा कोऱ्या होत्या, एकदाही न वापरलेल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं. "इंचाचा हाय म्याडम. चांगला हाय. कोलकात्याचाच हाय."

म्हणजे इतके रविवार तो माणूस गेटपाशी उभा राहायचा तेव्हा हा पाना त्याच्या खिशात होता. दुकानात माझ्यासमोर त्यानं छातीवर हात ठेवला होता, तोही ह्याच्यासाठीच. त्यालाही पहिला शब्द सापडत नव्हता. त्यानं शब्दाऐवजी पाना घेऊन ठेवला होता, आणि तो द्यायला पुन्हा शब्दच लागत होता.

"ये मेरे यहाँ लगती है, बेटा," काकाजी तिला म्हणाले. "ले जाऊँ?"

"ले जाइए ना अंकल जी," ती म्हणाली. तिला सुटल्यासारखं वाटलं असावं.

परतताना बाजाराच्या चौकात मी दोनदा वळून पाहिलं, मागं बसलेत ना म्हणून. त्यांचा तो भेटलेला शब्द कोणता, हे मी त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतर कधी विचारायचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर त्यांनी चहा नको म्हटलं. ओसरीत पाट मांडला, मोटार उलटी केली. चष्मा पुसला. त्या बिनमुंडीच्या स्क्रूच्या भोकात सेठचा पाना हळूच घातला आणि न फिरवता डावी-उजवीकडे हलवून पाहिला. इतकी वर्षं प्रत्येक हत्याराला जसं हलवून पाहिलं, तसंच.

मी उभीच होते. "बसला?"

"बसला," ते म्हणाले. "थोडा ढिला हाय. त्यात पान्याचा दोष नाही."

"फिरवून बघा ना. निघेलसुद्धा."

काकाजींनी पान्यावरचा हात अलगद काढून घेतला. पाना तसाच उभा राहिला, मोटारीच्या पोटात.

"नोको म्याडम," ते म्हणाले. "फिरवला तर सुटन. जवर बसला हाय, बसू द्या."